वहीतला दात

१

दर गुरुवारी सकाळी नवरा कामाला गेला, की टिंगीची आई स्वयंपाकघराच्या ओट्यावर निळी वही उघडायची आणि सात दिवसांचं खोटं एका बैठकीत लिहून काढायची.

वही मोठ्या दवाखान्याची होती. एका पानावर एक दिवस. सकाळचा डोस दिला का, संध्याकाळचा दिला का, रात्री किती वेळा खोकली, ताप किती, आणि तळाशी दोन ओळी मोकळ्या: ‘आईला आणखी काही सांगायचं असल्यास.’ रोजचं रोज लिहायचं, असं बजावून सांगितलेलं. ती मात्र गुरुवारी लिहायची, आणि तेही अक्कल चालवून. दोन निळी पेनं आणि एक काळं आलटून पालटून वापरायची. मंगळवारचं अक्षर घाईतलं, रविवारचं निवांत. खोकला आधी तीनदा, मग दोनदा, मग दोनदाच. गुण येतोय असं दिसावं, पण फार पटकन नको. शुक्रवारी ‘सबंध रात्र झोपली’. शनिवारी ‘नखं कापली’. खरं तर टिंगीची नखं कापायला ती धजायचीच नाही. पोरीच्या गालावर तिच्याच नखांचे ओरखडे होते.

त्या गुरुवारी सोमवारच्या मोकळ्या ओळींत काय लिहावं, ते सुचेना. टिंगी मांडीवर होती, दहा महिन्यांची, नावासारखीच एवढीशी, आणि छातीतून बारीक शिट्टी वाजवत श्वास घेत होती. दहा महिने उलटले तरी तिला दात नव्हता. आईच्या मनाला ते लागून राहिलं होतं. तिनं लिहिलं: ‘खाली डावीकडे एक दात दिसला.’

लिहून झाल्यावर तिला बरं वाटलं. जणू खरंच दिसला.

दवाखान्यात अभ्यासाच्या सिस्टर बसायच्या ती खोली लांबलचक बोळाच्या टोकाला होती. एक टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात बाळांचा वजनकाटा, भिंतीला लोखंडी कपाट. ‘अभ्यास’ म्हणजे नव्या औषधाची पारख. सिस्टर गोल चेहऱ्याच्या, बोलक्या. वही चाळता चाळता म्हणाल्या, “टिंगीच्या आई, सगळ्या आयांत तुमची वही एक नंबर हं. शिकल्यासवरल्या बायका नुसत्या बरोबरच्या खुणा करून आणतात. किती शिकलात तुम्ही?”

“सातवी.”

“वाटत नाही हो!”

टिंगीच्या आईचे कान गरम झाले. सिस्टरनी हात धुतले, करंगळी टिंगीच्या तोंडात घातली आणि एकदम ओरडल्या, “आई गं! आहे की! एवढुसा आहे, पण धार बघा. चावली मला, लबाड कुठली!”

त्या हसल्या. टिंगीची आईही हसली. सिस्टरच्या करंगळीवर तांदळाच्या दाण्याएवढी लाल खूण उमटली होती.

बाहेर बाकावर बसून तिनं स्वतःचं बोट टिंगीच्या तोंडात फिरवलं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. सगळीकडे मऊ, गुळगुळीत.

सिस्टरना दिवसाला तीस पोरं तपासायची असतात, तिनं स्वतःला समजावलं. वहीत वाचलं आणि हो म्हणाल्या. खूण काय, कुठंही होते. कपाटाच्या दारात सापडलं असेल बोट.

२

टिंगीला छाती भरून येण्याचं दुखणं होतं. गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनीच त्यांना या अभ्यासाला पाठवलं होतं. सहा आठवडे औषध द्यायचं, वही लिहायची, दर गुरुवारी दाखवायचं. काही बाटल्यांत औषध होतं, काहींत नुसतं गोड पाणी. कुठल्या बाटलीत काय, ते सिस्टरनाही ठाऊक नव्हतं. कागदावर सही करण्याआधी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं होतं, “कधीही नको वाटलं, तर थांबवा. कुणी रागावणार नाही. तुमची तपासणी चालूच राहील.”

तिसऱ्या दिवशी औषध पाजल्यावर टिंगी दुपारी चार तास झोपली. हलवलं तरी डोळे उघडेना. आईच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी पोर उठली, रडली, दूध प्याली; काही झालं नव्हतं. पण त्यानंतर चमचा हातात घेतला की तिला ती झोप आठवायची. तिनं औषध बंद केलं.

सांगायचं होतं तिला. पहिल्या गुरुवारी ते सांगायचं म्हणूनच ती गेली होती. पण सिस्टरनी पहिली तीन पानं उघडली, तिच्या गोल, सुटसुटीत अक्षरावरून बोट फिरवलं आणि शेजारच्या सिस्टरला हाक मारून दाखवलं. शाळा सुटली तेव्हा ती बारा वर्षांची होती. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरात कुणीतरी हवं होतं. त्यानंतर तिच्या अक्षराचं कौतुक कुणी केलं नव्हतं. करणार तरी कोण, ती लिहीत होती कुठं? तोंडाशी आलेलं तिनं गिळून टाकलं. त्यानंतर दर गुरुवारी गिळायला आणखी सात दिवस असायचे.

बाटल्या परत घेताना सिस्टर उरलेलं औषध मोजायच्या. म्हणून टिंगीची आई सकाळ-संध्याकाळ मापाच्या झाकणात बरोबर खुणेपर्यंत औषध ओतायची आणि ते मोरीत सोडून द्यायची. तेवढं मात्र तिनं एक दिवस चुकवलं नाही. पोरीला नाही, मोरीला औषध अगदी वेळेवर मिळत होतं.

एकदा एका पानावर तारीख चुकली, तेव्हा तिनं ती गिरगटून टाकली होती. सिस्टरनी समजावलं, “असं नाही करायचं. एक आडवी रेघ मारायची, बाजूला सही आणि तारीख. खालचं वाचता आलं पाहिजे. आमच्या वहीत लिहिलेलं पुसलं जात नाही.”

३

पुढच्या गुरुवारी वजन झालं.

टिंगीचं झबलं सैल झालं होतं. गळा खांद्यावरून घसरायचा. आईला वाटलं, आज पकडली जाणार. वहीत तर ‘चांगलं खाते’ लिहिलं होतं. सिस्टरनी पारड्यात कापड अंथरलं. टिंगीला ठेवलं, आणि काटा सरसर पुढं गेला.

“आठ किलो दोनशे! वा गं वा, पैलवान!”

मागच्या खेपेपेक्षा पाऊण किलो जास्त. टिंगीच्या आईनं पोरीला उचलून घेतलं. हाताला ती कालच्यापेक्षाही हलकी लागली, एखादी ओली ओढणी उचलावी तशी. सिस्टर मान खाली घालून आकडा लिहीत होत्या.

काटा शून्यावर आला नाही.

तो एक किलोच्या जरा पलीकडे थांबला. तिनं पाहिलं, पुन्हा पाहिलं. पारडं रिकामं होतं. कापड मधोमध दबलेलं. मग काटा हळूहळू मागं सरकला, आधी थोडा, मग आणखी थोडा. पायरीवरून कुणी मागं मागं सरकत उतरावं, तसा.

“सिस्टर, काटा बिघडलाय का हो?”

“काल तर माणूस येऊन तपासून गेला. का?”

“नाही, सहज.”

टिंगी तिच्या खांद्यावर खोकत होती. खोल, ओला खोकला, सबंध अंग हलवणारा. सिस्टर चार हातांवर बसल्या होत्या. त्यांनी वहीकडे बघत विचारलं, “खोकला तर आता नाहीच ना?”

तिला वाटलं, चेष्टा करताहेत. तिनं सिस्टरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. कपाळावर एक आठीसुद्धा नव्हती.

“नाही,” ती म्हणाली.

४

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. पहाटे जायचा, दुपारी तीनला यायचा आणि हातपाय धुऊन आधी पोरीला बघायचा. पुढच्या आठवड्यात एके दिवशी टिंगीची आई स्वयंपाकघरात पोरीला मांडीवर आडवी घेऊन तिच्या पाठीवर थोपटत बसली होती. टिंगीच्या बरगड्या श्वासागणिक आत जात होत्या. बाहेर दार वाजलं, नळ वाजला. मग आतल्या खोलीतून नवऱ्याचा दबका आवाज आला, “अगं, काय गाढ झोपलीय! गालावर घाम आलाय बघ.”

तिचा हात थोपटता थोपटता थांबला.

“अहो, कोण?”

“कोण म्हणजे? तुझी मावशी! टिंगी, आणखी कोण?” तो चवड्यांवर चालत स्वयंपाकघराच्या दारात आला, मांडीवरच्या पोरीकडे बघून गोंधळला. आत वळून पाहिलं. पुन्हा इकडं पाहिलं. डोळे चोळले. “आत्ता आणलीस काय इकडे? मांजरासारखी पावलं आहेत तुझी.”

“ही इथंच होती.”

“बरं बाई, इथंच होती. पहाटे चारपासून उठलोय, मला आता भिंतीतही पोरं दिसतील.” त्यानं टिंगीच्या गालाला हात लावला. “औषधानं फरक पडला ना पण? परवा वही वाचली मी. ‘एकदाही खोकली नाही.’ किती छान लिहितेस गं. आमच्या साहेबांना दाखवावंसं वाटलं.”

टिंगीला त्याच वेळी ढास लागली. ओठांभोवती निळसर झालं, डोळ्यांतून पाणी आलं. बाप तिच्याकडे बघून हसत होता.

“अहो, तुम्हाला ऐकू येत नाही?”

“काय?”

तिनं तोंड उघडलं. ‘वहीतलं सगळं खोटं आहे’, एवढे चारच शब्द. पण तो तसा बघत होता, अभिमानानं. तिला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. “काही नाही,” ती म्हणाली. “चहा ठेवते.”

तो गेल्यावर ती आतल्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. पाळणा रिकामा होता. दुपट्याची घडी मोडलेली, ऊबदार. ती सकाळी मोडली असेल. ऊन पडतं तिथं. ती कान देऊन उभी राहिली. तिच्या कडेवर टिंगीचा श्वास घरघरत होता, आणि त्या घरघरीच्या मधल्या फटींतून दुसरा एक श्वास ऐकू येत होता. संथ, मोकळा, सबंध रात्र झोपणाऱ्या बाळाचा.

५

दुसऱ्या दिवशी ती गुरुवारची वाट न बघता गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेली. तिला वाटत होतं, हे तरी ऐकतील. त्यांनी टिंगीला जन्मल्यापासून पाहिलं होतं.

“ये पोरी. काय म्हणते आपली टिंगी?” टेबलावर दवाखान्याकडून आलेलं पत्र होतं. त्यांनी ते चष्मा सरकवून वाचलं. “वजन वाढलं, खोकला गेला, एक दात. झकास!”

“डॉक्टर, तिला श्वास घेता येत नाही. बघा ना तुम्ही.”

त्यांनी नीट तपासलं. घाई नाही केली. पाठीवर सहा ठिकाणी नळी लावली. टिंगीची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. टेबलावरचा कागद तिच्या श्वासानं थरथरत होता.

“छाती अगदी स्वच्छ आहे.”

“नाही हो!”

“पहिलं मूल असलं ना, की आयांना फार ऐकू येतं.” ते मायेनं म्हणाले. “घे, तूच ऐक. मनातली भीती निघून जाईल.”

त्यांनी नळी तिच्या कानांत घातली आणि दुसरं टोक टिंगीच्या छातीवर ठेवलं.

तिला ऐकू आलं. ठोका, ठोका, ठोका, आणि त्यावर श्वास, नुसता वारा. ना शिट्टी ना घरघर. इतकी निरोगी छाती तिनं कधी ऐकली नव्हती. तळहाताखाली तिची पोर धडपडत होती, आणि कानांत कुणी दुसरीच शांत पडून होती. पोटभर जेवलेली. नखं कापलेली.

ही असती तर.

मनात आलं ते एवढंच. ही माझी असती तर. रात्री उठावं लागलं नसतं. जीव असा टांगणीला लागला नसता. पापणी लवायच्या आत ते आलं आणि गेलं. पण आलं होतं. मांडीवर टिंगीनं तिचं बोट घट्ट धरून ठेवलं होतं.

तिनं नळी कानांतून ओढून काढली. चेहरा पेटला होता.

“पटलं ना?” डॉक्टरांनी विचारलं.

तिनं मान हलवली आणि पोरीला गुंडाळून बाहेर पडली. रस्त्यात कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. तरी सबंध वाटेत तिनं मान वर केली नाही.

६

शेवटचा गुरुवार आला. त्या सकाळी तिनं वही उघडली नाही. शेवटची सात पानं कोरीच राहिली.

टिंगी आता रडतही नव्हती. रडायला श्वास लागतो. नाकपुड्या फुलत होत्या, मान मागं पडत होती.

सिस्टर नेहमीसारख्या हसल्या. “आज सुट्टी हं तुमची! वही द्या. आज ती पाकिटात घालून बंद करणार. वर मोहोर लागली, की मग कुणालाही बदल करता येत नाही.”

टिंगीच्या आईनं वही दिली नाही. छातीशी धरली. तिला कळत होतं, मोहोर लागली की ते कायमचं झालं. मग घरात वहीतली तेवढी राहील. आणि मांडीवरची?

“सिस्टर, यातलं सगळं खोटं आहे.”

“काय?”

“पहिले तीन दिवस सोडून. औषध मी मोरीत ओतलं. मी गुरुवारी बसून सगळं लिहायचे. तीन पेनांनी.” आवाज फुटत होता. “ती रोज खोकते. आत्तासुद्धा खोकतेय.”

सिस्टरच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. त्यांनी टिंगीकडे पाहिलं. “अहो, पण ती तर छान हसतेय.”

“पेन द्या.”

चौथ्या दिवसाचं पान तिनं उघडलं. सकाळचा डोस: एक आडवी रेघ, सही, तारीख. संध्याकाळचा डोस: रेघ, सही, तारीख. खोकला: रेघ. स्वतःचंच अक्षर, गोल, सुटसुटीत, आणि त्याच्या पोटातून जाणारी रेघ. खालचं सगळं वाचता येत होतं. हीच शिक्षा होती. खोटं लपत नव्हतं, नुसतं तिच्या सहीचं होत होतं. सिस्टर समोर उभ्या राहून बघत होत्या. एक पान. दुसरं. पाचवं. नववं.

‘सबंध रात्र झोपली’ यावर रेघ मारली, तेव्हा सिस्टरनी मान तिरकी केली. दुरून कुणी हाक मारतंय असं वाटावं, तशी.

‘चांगलं खाते’ यावर रेघ मारली, आणि कोपऱ्यातून रडणं ऐकू आलं.

वजनकाट्याच्या बाजूनं. कण्हणं नव्हे, घरघर नव्हे. धडधाकट, भुकेल्या बाळाचं रडणं. टिंगीच्या आईनं तिकडं पाहिलं नाही. पण ऐकल्याबरोबर तिच्या अंगाला पान्हा फुटला. पोलक्याचा पुढचा भाग ओला झाला. मांडीवर स्वतःची पोर निळी पडत होती, आणि तिचं दूध दुसरीच्या हाकेला धावलं होतं. तिला वाटलं, सिस्टरनी हे बघू नये. बाकी सगळं बघितलं तरी चालेल, पण हे नको. तिनं वही छातीशी ओढली आणि आणखी जोरात रेघा मारू लागली.

“अगं आई!” सिस्टर एकदम किंचाळल्या. “हिचा श्वास! केव्हापासून आहे हे? ऑक्सिजन! कुणीतरी इकडे या!” त्यांनी टिंगीला उचललं आणि बोळातून धावत सुटल्या. टिंगीचा खोकला त्यांच्याबरोबर लांब गेला. बोळातली दारं भराभर उघडली. आता तो सगळ्यांना ऐकू येत होता.

तिलाही धावायचं होतं. ती उठली, पेन हातातच होतं. वहीत ते सोमवारचं पान उघडं पडलं होतं. बाकी सगळ्या पानांवर आणि इथल्या डोसांवर रेघा झाल्या होत्या. तळाशी एकच ओळ उरली होती: ‘खाली डावीकडे एक दात दिसला.’

कोपऱ्यातलं रडणं बारीक झालं होतं. कुणी घेणार नाही हे कळलं, की बाळं थांबत थांबत रडतात, तसं.

तेव्हा तिनं तिकडं पाहिलं. पारड्याच्या काठावर चार बोटं होती. गुबगुबीत. नखं नीट कापलेली.

तिनं पेन टेबलावर ठेवलं आणि आपल्या पोरीमागे धावली.

७

तीन दिवसांनी टिंगी वॉर्डात डोळे उघडून बघू लागली. नाकाला नळी होती, पण ओठ गुलाबी झाले होते. नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं होतं. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, “मला तरी सांगायचं होतंस गं,” आणि खिडकीतून बाहेर बघत बसला. त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुपारी सिस्टर वही घेऊन आल्या. खुर्ची ओढून बसल्या. आता त्या पूर्वीसारख्या बडबडत नव्हत्या.

“तुमची पानं अभ्यासात धरणार नाहीत. पण वही कपाटात राहते. कायमची.” त्यांनी सोमवारचं पान उघडलं. “एक ओळ राहिलीय. हे खरं आहे का खोटं, एवढं सांगा. खोटं असेल तर रेघ मारून सही करा.”

टिंगी तिच्या मांडीवर, उजव्या बाजूला दूध पीत होती. दवाखान्याची चादर आईनं गळ्यापर्यंत ओढून घेतली होती. टिंगीच्या मऊ हिरड्या तिला कळत होत्या, वर आणि खाली, दोन्ही. सिस्टरना तोंड उघडून बघता आलं असतं. पण त्या बघत नव्हत्या. त्या आपली करंगळी अंगठ्यानं चोळत होत्या. लाल खूण अजून तशीच होती.

“खरं आहे,” टिंगीची आई म्हणाली.

या वेळी तीन पेनं नव्हती, कौतुकही मिळणार नव्हतं. सिस्टरनी वही मिटली आणि पाकिटात सरकवली.

तेवढ्यात टिंगीची आई कळवळली. डोळ्यांत पाणी आलं.

“काय झालं? चावली का?”

“हो,” ती म्हणाली, आणि चादर डाव्या बाजूनं आणखी नीट झाकून घेतली.